हृदयरुग्णांचे औषध-सातत्य आणि मोबाइल (ग्रामीण विदर्भ)

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा हृदयाच्या झडपांचा आजार असलेल्या रुग्णाची औषधे रोज, वेळेवर आणि खंड न पडता चालू राहावीत म्हणून केला जाणारा मोबाइलचा उपयोग. एसएमएस, ध्वनिमुद्रित कॉल, व्हॉट्सॲपवरचे बोलके संदेश, परिचारिकेचा फोन आणि आरोग्य केंद्रातील ॲपवरची नोंद हे सारे यात येते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला बहुधा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोरव्हास्टॅटिनसारखे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध), मेटोप्रोलॉल आणि रामिप्रिल अशा चार-पाच गोळ्या चालू असतात. गावात त्यांना ‘रक्त पातळ करायची गोळी’, ‘बीपीची गोळी’ अशीच नावे आहेत. अडचण अशी की या गोळ्यांचा गुण रुग्णाला जाणवत नाही. तापाची गोळी घेतली की अंग हलके होते. स्टॅटिन घेऊन काहीच वाटत नाही. छातीतली कळ थांबली, वावरात जाता येऊ लागले, की ‘आता बरं हाय’ म्हणून गोळी सुटते. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवल्यावर पहिल्या वर्षात क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद केले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवल्यास छातीतले दुखणे उलटून वाढू शकते. दीर्घ आजारांत श्रीमंत देशांतही निम्मेच रुग्ण औषधे नीट घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये नोंदवले होते.

विदर्भाच्या खेड्यांत हा प्रश्न किती मोठा आहे, हे शोधग्राम येथील ‘सर्च’ संस्थेच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांत झालेल्या मृत्यूंपैकी 14.3 टक्के पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिला होता. पक्षाघात मेंदूचा आजार असला तरी त्यामागचा वाढलेला रक्तदाब आणि तो आवरणारी गोळी हृदयरुग्णाचीच आहे.

गोळी का सुटते, याचे उत्तर मात्र क्वचितच ‘विसरलो’ एवढे असते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागली की मजुरी बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे परवडत नाही. मेळघाटातली कुटुंबे कामासाठी महिनोन्‌महिने गाव सोडतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. कधी केंद्रातच साठा नसतो आणि बाहेरच्या दुकानातून पाच औषधे घेणे झेपत नाही. अशा ठिकाणी ‘गोळी घ्या’ हा संदेश रिकाम्या डब्याशेजारी वाजतो. म्हणून आठवण करून देण्यापुरती बांधलेली योजना येथे अपुरी पडते. फोन औषधाच्या साठ्याशी आणि एखाद्या माणसाशी जोडलेला असावा लागतो.

असा जोड भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात दिसतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्यांपैकी भंडारा व वर्धा हे दोन विदर्भातले. ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची पद्धत. नोंदीसाठी वापरले गेलेले ‘सिंपल’ ॲप परिचारिकेच्या फोनवर चालते आणि रेंज नसली तरी अडत नाही. रुग्णाला क्यूआर कोडचे कार्ड मिळते. ते दाखवले की मागचे रक्तदाब आणि गोळ्या समोर येतात. तारीख उलटूनही न आलेल्यांची यादी ॲप काढून देते आणि परिचारिका त्यांना फोन करते. या यादीचे मोल मोठे आहे. जो आलाच नाही तो जाड रजिस्टरमध्ये सापडत नाही; येथे त्याचेच नाव पुढे येते.

संदेश कोणत्या रूपात जावा, हेही महत्त्वाचे. देवनागरी एसएमएसमध्ये एका संदेशाला 70 अक्षरचिन्हेच मिळतात (इंग्रजीत 160), आणि जुन्या साध्या फोनवर देवनागरीऐवजी कित्येकदा नुसते चौकोन दिसतात. ज्या आजीला वाचताच येत नाही तिला दोन्ही सारखेच. तिच्यासाठी आवाज हवा: ‘आजी, रात्रीची गोळी घेतली का? घेतली असेल तर 1 दाबा.’ हा आवाज पुस्तकी मराठीपेक्षा वऱ्हाडी-झाडी वळणाचा असलेला बरा. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीच्या आत गोंडी, माडिया यांना पर्याय नाही. घरातला एकच फोन दिवसभर मुलाच्या खिशात असतो, म्हणून कॉल संध्याकाळी, तो घरी परतल्यावर जावा. रिचार्ज संपून येणारे कॉलही बंद झाले, तर निरोप आशाताईंकडे वळण्याची सोय हवी.

उपयोग किती होतो, याविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. 2015 च्या ऑस्ट्रेलियातील ‘टेक्स्ट मी’ चाचणीत 710 हृदयरुग्णांपैकी ज्यांना सहा महिने आठवड्याला चार संदेश गेले, त्यांचे कोलेस्टेरॉल व रक्तदाब कमी झाले आणि धूम्रपानही घटले. तेथेच पुढे 1,424 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत औषध घेण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. भारतातील 14 रुग्णालयांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते झटक्यानंतरच्या रुग्णांना वर्षभर भेटत राहिले, तेव्हा मात्र औषधांचे सातत्य वाढले. विदर्भात आशाताई आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी हे मनुष्यबळ गावात आहेच. मोबाइलने त्यांना आज कोणाच्या घरी जायचे ते सांगावे, हा उपयोग सर्वांत भरवशाचा वाटतो.

संधिवाती तापामुळे (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, सांधे व हृदयाला बाधणारा ताप) झडपा खराब झालेल्या तरुण रुग्णांची गरज वेगळी. त्यांना बहुधा दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. येथे रोजचा गजर निरुपयोगी. तारखेच्या दोन दिवस आधीचा कॉल आणि इंजेक्शन केंद्रात असल्याची खात्री हवी. कृत्रिम झडप बसवून वॉरफरिन (गुठळी होऊ न देणारे औषध) घेणाऱ्यांना रक्ततपासणीची तारीख कळवावी लागते. डोस बदलल्याचा निरोप मात्र ध्वनिमुद्रित कॉलवर सोडू नये. परिचारिकेने स्वतः बोलून तो रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यावा. फोन सामाईक असल्याने आजाराचे नाव संदेशात घालण्याआधी रुग्णाला विचारणे आवश्यक आहे, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत.