नागावरचं नवं औषध घोणसवर चालेल का?

२०२५च्या मे महिन्यात एक बातमी सगळीकडे फिरत होती, बघितली असेलच. अमेरिकेत विस्कॉन्सिनचा टिम फ्रीडी नावाचा माणूस, आधी ट्रक मेकॅनिक, यानं जवळजवळ १८ वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं, थोडा थोडा डोस वाढवत, आणि पुढे तर मांबा, नाग असल्या मंडळींकडून मुद्दाम चावूनही घेतलं, २००च्या वर वेळा. (सुरुवातीला एकदा दोन नाग लागोपाठ चावले तेव्हा हा गडी कोमात गेला होता, त्यामुळे कोणी नाद करू नये.) शास्त्रज्ञांनी त्याच्या रक्तातून दोन अँटीबॉडी शोधून काढल्या, त्यात वॅरेस्प्लॅडिब नावाचं एक औषध मिसळलं, आणि हे तिघांचं कॉकटेल उंदरांना दिलं तर १९ जातींच्या विषारी सापांपैकी १३ जातींच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले आणि बाकीच्या ६ जातींपासून काही प्रमाणात. 'सेल' या जर्नलमध्ये पेपर आला आणि लगेच हेडलाइन झाली, सगळ्या सापांवर एकच औषध!

रिसर्च भारी आहे यात वाद नाही. पण ते १९ साप कोणते हे बहुतेक बातम्यांनी एका ओळीत उरकलं. ते सगळे नाग, मण्यार, आफ्रिकेतला मांबा, ऑस्ट्रेलियातला तैपान यांच्या कुळातले. त्यात घोणस नाही आणि फुरसंही नाही. आणि भारतात सर्पदंशानं जी माणसं मरतात त्यात सगळ्यात मोठा वाटा घोणसचा आहे.

आकडा किती आहे ते आधी बघू. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक साप चावून गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आलाय. बहुतेक खेड्यातले, निम्मे तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि पाव भागाहून जास्त १५ वर्षांखालची पोरं. पेरणी, निंदणी, भात लावणी याच दिवसांत होते, अनवाणी पाय चिखलात आणि उंदरामागे साप बांधावर, त्यामुळे हे कोणाला नवीन वाटणार नाही, पण इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या आजारानं गेली असती तर रोज टीव्हीवर चर्चा झाली असती. डब्ल्यूएचओनं सर्पदंश हा दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरच्या गटात टाकला तोच मुळी २०१७ साली.

आता नागाचं औषध घोणसवर का चालत नाही, तर दोघांच्या विषाचं कामच वेगळं आहे. नागाच्या विषातली मुख्य हत्यारं म्हणजे छोटी छोटी प्रोटीन्स, आकार साधारण तीन बोटं पुढे काढल्यासारखा. नसेकडून स्नायूकडे जो निरोप जातो तो स्नायूवरच्या ज्या जागेवर उतरतो तिथेच ही जाऊन बसतात आणि निरोप पोचतच नाही. पापण्या खाली येतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू बंद. घोणस आणि फुरशाचं विष म्हणजे मोठाल्या एन्झाइमचं मिश्रण, ते रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला इतकं भडकवतं की गोठवायचा सगळा माल आधीच वापरून संपतो, मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेचना. घोणस वर किडन्याही घालवते, माणूस वाचला तरी डायलिसिसच्या वाऱ्या लागू शकतात.

रक्त गोठतंय का हे बघायची टेस्ट मात्र इतकी साधी आहे की मला तिचं फार कौतुक वाटतं. काचेची कोरडी स्वच्छ टेस्ट ट्यूब घ्यायची, त्यात २ मिली रक्त, आणि २० मिनिटं तिला हातही लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गोळा झालेला दिसला तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात कामाला लागलंय, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लगेच सुरू. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठायला सुरुवात होते, आणि साबणानं धुतलेली ट्यूबही चालत नाही. मशीन नको, लॅब नको, लाइट गेलेली असली तरी पीएचसीत होते.

एएसव्ही म्हणजे आपलं नेहमीचं सापाचं इंजेक्शन. ते बनतं कसं, तर घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, त्या काढून शुद्ध करून बाटलीत भरायच्या. १८९०च्या दशकात फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यानं ही पद्धत आणली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. काल्मेतला वाटलं की नागाच्या विषावर केलेलं सीरम सगळ्या सापांवर चालेल. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन आणि भारतात जॉर्ज लॅम्ब यांनी प्रयोग करून दाखवून दिलं की नाही बाबा, नागाचं सीरम घोणसवर काही करत नाही. म्हणजे ही हेडलाइन सव्वाशे वर्षं जुनी आहे तर!

म्हणून मग भारतात घोड्याला चार सापांचं विष देतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं, चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८पासूनची, तिचे लोक साप पकडतात, काही आठवडे मडक्यात ठेवून विष काढतात आणि परत सोडून देतात. परळच्या हाफकिनपासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या बाटल्यांवर प्रमाण जवळपास सारखंच असतं, १ मिली औषध नाग आणि घोणसचं प्रत्येकी ०.६ मिलीग्रॅम विष निकामी करतं, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५. बाटली १० मिलीची आणि पेशंटला सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या लागतात. घोड्याचं प्रोटीन असल्यानं काहींना जबर रिअ‍ॅक्शन येते, त्यामुळे ती आवरायला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन शेजारी भरून ठेवायचं आणि मगच सलाइन चालू करायचं.

खरी गोची अशी की एकाच जातीच्या सापाचं विषही प्रदेशाप्रमाणे बदलतं. बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) कार्तिक सुनगर यांची टीम हेच तपासते, आणि त्यांनी दाखवलंय की दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बनवलेलं औषध देशाच्या इतर भागांत सगळीकडे सारखं चालत नाही, शिवाय चारच्या यादीबाहेरच्या सापांवर, उदाहरणार्थ ईशान्येकडच्या एकचष्मी नागावर, ते फारच कमी पडतं. आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडाही त्या यादीत नाही, नशीब की तो चावून सहसा माणूस मरत नाही.

नव्या संशोधनाचा रोख बदललाय तो इथेच. प्रत्येक सापाचं विष गोळा करत बसण्यापेक्षा अनेक सापांच्या विषात जो भाग सारखा आहे तोच पकडायचा. तीन बोटांवाल्या प्रोटीनला स्नायूवरच्या त्या ठरावीक जागेत बसायचंच असतं, त्यामुळे बाकी कितीही बदललं तरी बसणारा भाग फार बदलू शकत नाही. फ्रीडीच्या रक्तातली एक अँटीबॉडी नेमकी तिथेच धरते. त्याच्या आधी, २०२४च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था, ब्रिटनमधलं लिव्हरपूल स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आणि आपलं आयआयएससी यांनी मिळून अशीच एक अँटीबॉडी प्रसिद्ध केली होती, तिच्यासाठी ना घोडा लागला ना कोणाला चावून घ्यावं लागलं, मानवी अँटीबॉडींच्या कृत्रिम साठ्यातून ती वेचून काढली. आणि २०२५च्या जानेवारीत तर डेव्हिड बेकर यांच्या ग्रुपनं (२०२४चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्यांना मिळालं ते) निसर्गात नसलेली छोटी प्रोटीन्स कॉम्प्युटरवर एआयनं डिझाइन केली, जी या तीन बोटांना घट्ट धरून ठेवतात. उंदरांमध्ये डोसप्रमाणे ८० ते १०० टक्के वाचले. अशी प्रोटीन्स जंतूंकडून टाकीत बनवून घेता येतील, म्हणजे स्वस्तात पडायची शक्यता आहे.

पण हे सगळं पुन्हा नागाच्या कुळापुरतं, आणि अजून उंदरांपुरतंच.

मला स्वतःला त्या कॉकटेलमधला तिसरा घटक जास्त महत्त्वाचा वाटतो, ज्याचं नाव हेडलाइनमध्ये कुठेच नव्हतं. वॅरेस्प्लॅडिब ही अँटीबॉडी नाही, साधा छोटा रेणू आहे. हार्टच्या पेशंटसाठी त्याची मोठी ट्रायल झाली होती, ती २०१२मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा दिसेना, उलट हार्ट अटॅक वाढल्यासारखे दिसले. औषध अडगळीत गेलं. मग मॅथ्यू लेविन या अमेरिकन इमर्जन्सी डॉक्टरच्या लक्षात आलं की हे ज्या प्रकारचं एन्झाइम बंद पाडतं त्याच प्रकारचं एन्झाइम, फॉस्फोलायपेज ए-२, नाग, मण्यार, घोणस सगळ्यांच्या विषात कमीजास्त असतं. २०१६मध्ये त्याच्या टीमनं २८ सापांच्या विषांवर प्रयोगशाळेत ते चालतं हे दाखवलं. मुख्य म्हणजे ते गोळी म्हणून देता येतं. घोड्याचं प्रोटीन नाही, शिरेतून सलाइन नाही, आणि हार्टच्या ट्रायलमध्ये ते आठवडेच्या आठवडे दिलं होतं तसं इथे द्यावं लागणार नाही, थोड्या दिवसांचा प्रश्न.

माणसांवरची ट्रायल भारत आणि अमेरिकेत झाली, साप चावलेल्या ९५ जणांवर, नेहमीच्या उपचारांबरोबर काहींना ही गोळी आणि काहींना नुसती दिसायला तशी गोळी. निकाल सरळ सांगायचा तर सगळ्यांचा मिळून हिशोब केल्यावर ठरवलेल्या मुख्य मोजमापात फरक दिसला नाही. ज्यांना चावल्यापासून ५ तासांच्या आत मिळाली त्यांच्यात जरा बरं दिसलं, पण ते छोट्या गटाचे आकडे, त्यावरून गोळी चालते असं छातीठोक म्हणता येत नाही. मात्र लवकर मिळाल्यावर बरं दिसणं अजिबात अनपेक्षित नाही. मण्यारचंच घ्या, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि घरचे अ‍ॅसिडिटीची गोळी देतात, तोवर विषानं नसांची टोकंच खराब केलेली असतात, नंतर कितीही एएसव्ही दिलं तरी ती टोकं परत उगवेपर्यंत व्हेंटिलेटरवरच काढायचे. औषध उशिरा पोचलं की कुठलंही असो, त्याला करायला फार काही उरत नाही.

घोणस आणि फुरशाच्या विषातल्या दुसऱ्या एका एन्झाइमला जस्त लागतं, ते जस्तच काढून घ्यायचं अशीही एक आयडिया आहे. युनिथायोल हे पाऱ्याच्या विषबाधेवरचं जुनं औषध जस्ताला धरतं, केनियात ६४ निरोगी लोकांवर त्याची सुरक्षिततेची ट्रायल झालीय, त्यातही गोळीचा प्रकार तपासला.

जुन्या गोळीला नवं काम लावायचं यात आपल्याकडचा अनुभव मोठा आहे खरं तर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन, म्हणजे ब्लडप्रेशरची साधी गोळी, वापरायला सुरुवात केली आणि विंचवानं पटापट जाणारी पोरं वाचायला लागली, 'लॅन्सेट'मध्ये पेपर आले, आज ती उपचाराची नेहमीची पद्धत आहे. ती गोळी खेड्यातल्या दवाखान्यात लगेच देता येत होती, म्हणून चालली.

वॅरेस्प्लॅडिबची पुढची ट्रायलही तशीच आखायला हवी असं माझं मत, मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत पोचलेल्यांवर नको, तर पीएचसीत किंवा १०८च्या गाडीतच पहिली गोळी देऊन. केंद्र सरकारनं २०२४मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढलाय, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे, आणि प्रत्येक केस सरकारला कळवायची असंही राज्यांना सांगितलंय. कुठल्या तालुक्यात कुठला साप चावतो आणि माणूस किती तासांनी दवाखान्यात येतो हे त्या नोंदींतून कळलं, तर ही ट्रायल कुठे घ्यायची तेही ठरवता येईल.