परदेशातली नोकरी घ्यावी का? आधी परतीची वाट विचारा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या कार्यालयात माणूस येतो तो बहुतेक वेळा निर्णय घेऊनच. आयटीआयचं किंवा पदवीचं प्रमाणपत्र साक्षांकित करून हवं असतं, तेही आठ दिवसांत, कारण ‘व्हिसा आलाय’. चिपळूण, खेड, दापोली या पट्ट्यात आखातात जाऊन आलेलं कोणी ना कोणी नात्यात असतंच, त्यामुळे दुबई-मस्कत ही नावं इथे परकी वाटत नाहीत. पण जाणाऱ्याने तो देश पाहिलेला नसतो. तिथली भाषा येत नसते, कायदा ठाऊक नसतो. मामा वीस वर्षं तिथे होता म्हणून भाच्याला तो देश कळला, असं होत नाही.

हे पत्रक काढण्यामागे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाची कागदपत्रं आम्ही वेळेत करून दिली. त्याचं ऑफर लेटरही आमच्या टेबलावर होतं. आम्ही ते वाचलं नाही. आपलं काम शिक्क्यांचं, असं समजून बाजूला ठेवलं. तिथे पोचल्यावर त्याच्यापुढे दुसराच करार आला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला आणि घरी परतायला त्याला आठ महिने लागले. त्याचे वडील आमच्याकडे आले तेव्हा आवाज चढवून बोलले नाहीत. ‘‘तुम्ही एकदा वाचून सांगितलं असतंत तर,’’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून साक्षांकनाला येणाऱ्या प्रत्येकाचं ऑफर लेटर आम्ही त्याच्यासोबत बसून वाचतो. त्याचे पैसे घेत नाही. वाचल्यावर जायचं नाही असं ठरलं, तर कागद पुढे पाठवलेले नसतील तोवर साक्षांकनाचे पैसेही परत देतो.

वाचताना पगार आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. पहिला प्रश्न एकच विचारतो: तिथे नाही जमलं, तर परत कसे याल?

व्हिसावर काय लिहिलंय

‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कंपनी बदलून देईल,’ असं सांगितलं गेलं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायला तुमच्याजवळ कागदच नसतो.

थायलंडच्या बाबतीत तर दहापट सावध राहा. ‘बँकॉकला डेटा एन्ट्री, जेवण-राहणं फुकट, इंटरव्ह्यू फोनवरच’ अशा आमिषाने नेलेल्या अनेकांना गाडीत घालून माय सोत या सीमेवरच्या गावी नेलं गेलं आणि तिथून नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात. तिथे बंद आवारात त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना मायदेशी आणलं. संगणक येणारी, शिकलेली मुलंच त्यात अडकली होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी आवश्यक, असा) शेरा नसतो आणि घरच्यांना वाटतं, चला, सरकारी कटकट नाही. खरं तर ईसीआर पासपोर्टवाल्याला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेट या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते, त्याचा करार तिथे नोंदवला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं कवच त्याला सक्तीने घ्यावं लागतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. दहावी पास झालेल्याच्या करारावर अशी कुणाचीच नजर पडत नाही. त्याने स्वतःच तो दुप्पट काळजीने वाचायचा.

एजंट आणि कर्ज

एजंटला भारत सरकारचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. भिंतीवर लावलेली फ्रेम पुरेशी नाही. सध्याच्या नियमाप्रमाणे परवानाधारक एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाईच आहे. तरी आमच्यासमोर बसलेली माणसं सर्रास ‘व्हिसाचे दीड लाख’ हा शब्दप्रयोग करतात.

हा आकडा एवढा लावून धरण्याचं कारण असं, की ते दीड लाख बहुधा दागिने गहाण ठेवून नाहीतर सावकाराकडून आलेले असतात. मग तिथे गेल्यावर काम वेगळं निघालं, राहायची जागा वाईट निघाली, तरी माणूस परत फिरू शकत नाही. दार कोणी बंद केलेलं नसतं, व्याजच पाय धरून ठेवतं. को‍रा चेक किंवा ‘दोन वर्षांआधी आलो तर इतके भरीन’ असा बाँड मागितला तर तिथेच उठा.

करार वाचताना

अमिरातीचंच उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त कागद तिथलेच येतात. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर तुम्हाला निघण्याआधी दाखवून त्यावर सही घ्यायची असते आणि पुढचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. ते अरबी-इंग्रजीबरोबर तिसऱ्या एका भाषेतही मिळतं. त्या भाषांत हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम आहे, मराठी नाही. हिंदीतलं मागून घ्या. नुसत्या कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे हे ऑफर लेटर नव्हे.

मागच्या महिन्यात एसी दुरुस्तीचं काम येणारा एक मुलगा बायकोला घेऊन आला. ऑफर २,२०० दिरहमची. चोवीसच्या भावाने ५२,८०० रुपये, हा गुणाकार घरी आधीच झालेला होता. आम्ही कागदावर बोट ठेवून ओळी वाचल्या: मूळ पगार १,०००, बाकीचे १,२०० जेवण, प्रवास आणि ‘इतर’ या नावाखाली. बायकोने विचारलं, ‘‘हातात तर तेवढेच येणार ना?’’ महिन्याच्या शेवटी, हो. पण ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर धरतात. हजाराला महिन्याच्या तीस दिवसांनी आणि मग दिवसाच्या आठ तासांनी भागलं, वर २५ टक्के धरले, तर जादा तासाला जेमतेम सव्वापाच दिरहम. मूळ पगार १,८०० असता तर नऊच्या वर मिळाले असते. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच: वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. दोन वर्षांनी त्याला १,४०० दिरहम मिळणार, १,८०० मूळ असता तर २,५२०. एकूण आकडा तोच, आणि हातात पडणाऱ्या पैशांत एवढी तफावत. त्याने कंपनीला पत्र लिहून मूळ पगार वाढवून मागितला. उत्तर १,४०० वर आलं. मग तो गेला.

परतीच्या दृष्टीने त्याच कागदात आणखी काही बघायचं. अमिरातीत परिविक्षाकाळ (प्रोबेशन) सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. त्या काळात नोकरी सोडून देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. न सांगता काम सोडून गेलात तर वर्षभर तिथे दुसरा कामाचा परवाना मिळत नाही, म्हणून रागाच्या भरात खोली सोडून जाऊ नका. परतीचं तिकीट साधारणपणे मालकाने द्यायचं असतं, पण नोकरी तुमच्या चुकीने गेली किंवा तुम्ही तिथेच दुसरीकडे लागलात तर ते मिळत नाही. पासपोर्ट तुमच्याच ताब्यात राहिला पाहिजे. गच्चीवर उन्हात काम असेल तर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

हे सगळं अमिरातीचं. कुवेत, कतार, सौदी, ओमान, प्रत्येकाचा कायदा निराळा. कागदांचं सुद्धा तसंच: ओमान, बहरीन आणि सौदीला अपोस्टिल (आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण) चालतं, अमिराती, कुवेत आणि कतारसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. एका देशाचं ऐकून दुसऱ्याला जाऊ नका.

राहायची खोली

याबद्दल विचारायला लोक संकोचतात. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले. ती माणसं कामावर नव्हती, आपल्या खोल्यांत झोपलेली होती. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो: तिथे आधीपासून असलेल्या कामगाराशी व्हिडिओ कॉल करायला मिळतो का ते बघा. एका खोलीत किती पलंग आहेत ते मोजा. खिडक्यांना काय लावलंय, जिना कुठे आहे, गच्चीचं दार उघडं असतं का, हे विचारा. कंपनीने कॉल लावून देण्याची टाळाटाळ केली तर त्यातूनच काय ते समजा.

घरी ठेवून जायच्या गोष्टी

पासपोर्ट, व्हिसा, सही केलेलं ऑफर लेटर आणि एजंटच्या पावत्या यांच्या प्रती बायकोकडे किंवा आईवडिलांकडे ठेवा. कंपनीचं पूर्ण नाव आणि राहण्याचा पत्ता घरच्यांना लिहून द्या. ‘शारजात आहे’ एवढ्यावर दूतावास शोध घेऊ शकत नाही. नोकरीसाठी बाहेर गेलात की बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं खातं) करून घ्यावं लागतं, तिथली कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा. अडचणीच्या वेळी भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० आणि अमिरातीतून ८००-४६३४२ हा क्रमांक लावता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

आमच्याकडे येताना ऑफर लेटरचं प्रत्येक पान आणा, फोनवर आलेले एजंटचे संदेशही पुसू नका. ज्याला जायचं आहे तो आणि घरात ज्याच्या हाती पैशांचा व्यवहार आहे ते, असे दोघं या. वाचायला तासभर लागतो. सही करायच्या दिवशी नको, निदान दोन दिवस आधी या, म्हणजे कंपनीला उलट प्रश्न विचारायला वेळ राहील.