टू-स्ट्रोक रेसिंग मोटारसायकल : गिअर-शिफ्टिंग आणि डायनो ट्यूनिंग

शर्यतीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा गिअर झटपट आणि खात्रीने पडावा म्हणून गिअरबॉक्सवर केले जाणारे काम, आणि इंजिनाची ताकद डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मोजून कार्ब्युरेटर, इग्निशन व सायलेन्सर जुळवण्याची पद्धत. मुंबईत ही दोन कामे सहसा दोन वेगळ्या माणसांकडे जातात : गिअरबॉक्स फिटरकडे, डायनो ट्यूनरकडे. खरे तर दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. गिअर बदलल्यावर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, कुठे येऊन पडतो?

फोर-स्ट्रोक इंजिन खालपासून वरपर्यंत बऱ्यापैकी सारखे ओढते. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली मिश्रण व धूर येण्याजाण्याची भोके) मोठे केलेल्या रेसिंग टू-स्ट्रोकचे तसे नसते, कारण त्याचा सिलिंडर नीट भरण्याचे मोठे काम सायलेन्सर करतो. हा सायलेन्सर, ज्याला गॅरेजात सगळे ‘चेंबर’ म्हणतात, तोंडाशी अरुंद, मग रुंदावत जाणारा, पोटाशी फुगीर आणि पुढे पुन्हा निमुळता असतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडले की दाबाची लाट निघते. रुंदावत्या भागातून ओढ परत येते आणि ताजे मिश्रण सिलिंडरात खेचते. निमुळत्या भागावर आपटून परतलेली लाट बाहेर निसटलेले मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. या येण्याजाण्याला लागणारा वेळ चेंबरच्या लांबीवर आणि आतल्या वायूच्या तापमानावर ठरतो, त्यामुळे ही वेळ काही ठरावीक आरपीएमलाच साधते. तोच पॉवरबँड. त्यात असताना गाडी हातातून सुटू पाहते, त्याखाली नुसती घुरघुरत राहते.

हे गणित पक्के बसवले ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी एमझेडचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवून दिले. पुढे ताकद वाढत गेली तसा पॉवरबँड आकसत गेला. १९६७ च्या सुझुकीच्या ५० सीसी रेसरला १४ गिअर होते. पायाला सतत काम दिल्याशिवाय ते इंजिन पॉवरबँडमध्ये राहतच नसे. अखेर नियम करून गिअरांची संख्या सहावर आणावी लागली.

आपल्याकडचा टू-स्ट्रोकचा संसार याहून साधा. एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची, ७,५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती देणारी, चार गिअरांची गाडी. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि सहा गिअर होते. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचे उत्पादन थांबले, पण मुंबई-ठाण्यातल्या गॅरेजांत आजही आरएक्सची इंजिने खोलली आणि बांधली जातात. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग आणि हत्यारे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग आणि साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथवर बसलेला कारागीर, एवढ्या शिदोरीवर हे काम चालते.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा तिसरा आणि चौथा गिअर यांच्या रेशोत १.३ पट अंतर आहे. तिसऱ्यात ९,५०० ला गिअर बदलला तर चौथ्यात आरपीएम ७,३०० वर येतो. चेंबर ७,८०० पासून काम करत असेल, तर मधले ५०० आरपीएम गाडी नुसती रडते आणि शेजारचा पुढे निघून जातो. अशा वेळी चेन-सॉकेट (चेनचे दातेरी चाक) बदलून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. सॉकेट बदलल्याने सगळेच गिअर एकदम हलके किंवा जड होतात, दोन गिअरांमधली दरी मात्र तेवढीच राहते. ती भरायला जवळच्या रेशोचे गिअर लागतात. आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चा पाच गिअरांचा सेट बसवतात तो यासाठीच. नाहीतर पॉवरबँडच खालच्या बाजूला ५०० आरपीएम रुंद करावा लागतो, आणि ते काम डायनोवरचे.

गिअरबॉक्सची तक्रार बहुधा ‘गिअर सुटतो’ अशी येते. इंजिन खोलून गिअर हातात घेतला की कारण डोळ्यांना दिसते : डॉगचे कोपरे झिजून गोल झालेले, आरशासारखे चकचकीत, आणि गिअर फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) टोके तापून निळसर पडलेली. डॉग म्हणजे गिअरच्या बाजूला उभे असलेले ठोकळे. ते शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकले की गिअर पडला. कोपरा गोल झाला की थ्रॉटल देताच डॉग त्या उतारावरून घसरून बाहेर येतो आणि बाहेर येताना फोर्क वाकवतो. नुसता फोर्क बदलून देणारे बरेच भेटतात. महिनाभरात तीच तक्रार परत येते.

यावरचा शर्यतीतला उपाय म्हणजे अंडरकट. डॉगची उभी बाजू ३ ते ५ अंश आत झुकवून घासतात, म्हणजे लोड आल्यावर दोन्ही गिअर एकमेकांना आत ओढून धरतात. हे काम नाजूक आहे. गिअरच्या पोलादाला वरचाच थर कडक केलेला असतो. जास्त घासला तर आतले मऊ पोलाद उघडे पडते. शिवाय सगळे डॉग एकाच वेळी टेकले पाहिजेत, नाहीतर सगळा भार एकट्यावर येतो. चांगला कारागीर बाजूंना मार्करची शाई लावतो, गिअर एकमेकांत दाबून फिरवतो आणि शाई कुठे पुसली ते पाहतो. एका डॉगवरची शाई तशीच राहिली तर काम अपुरे आहे.

लिव्हरकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि हे मला खटकते. गिअर टाकताना लिव्हर आणि रॉड यांच्यात ९० अंशांचा कोन असावा. तो बिघडला की पायाचा जोर वाया जातो. टाचेचा भाग कापून टाकतात. पॅटर्न उलटा करतात, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली, कारण डावीकडे झुकलेल्या गाडीवर पाय लिव्हरखाली घालण्यापेक्षा वरून दाबणे सोपे. क्लच प्लेट वाकलेली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर जड वाटतो. अशा वेळी गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो.

क्विकशिफ्टरमध्ये लिव्हरच्या रॉडवर सेन्सर असतो. पाय पडताच तो क्षणभर इग्निशन तोडतो, डॉगवरचा भार उतरतो आणि क्लच न दाबता वरचा गिअर पडतो. ९,००० आरपीएमला एका फेऱ्याला ६.७ मिलिसेकंद लागतात आणि टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटते. म्हणजे ६० मिलिसेकंदांचा कट ठेवला तर नऊ स्फोट गेले. कट फार छोटा ठेवला तर डॉग भाराखालीच सुटतो आणि झिजतो. खालचे गिअर टाकताना मात्र क्लचवर बोटे हवीतच. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबर मिळते. थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकसारखे वापरले तर पिस्टन कोरडा पडतो आणि जाम होतो.

डायनोवर गाडीचे मागचे चाक जड ड्रमवर ठेवतात आणि गाडी पट्ट्यांनी आवळतात. समोर पंखा लावून, इंजिन गरम करून थ्रॉटल पूर्ण उघडतात. इनर्शिया डायनो ड्रमचा वेग किती झपाट्याने वाढला त्यावरून टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढतो. एडी-करंट डायनो ड्रमला ब्रेक लावून ठरवलेल्या आरपीएमला इंजिन धरून ठेवू शकतो. टू-स्ट्रोकला हा फरक महत्त्वाचा. इनर्शिया डायनोवरची धाव काही सेकंदांची असते, तेवढ्यात चेंबर पुरता तापत नाही. ट्रॅकवर तो तापतो, आतला ध्वनीवेग वाढतो आणि पॉवरबँड वर सरकतो. म्हणून एकापाठोपाठ अनेक धावा घेतल्याशिवाय आलेखावर विश्वास ठेवू नये. इग्निशन उशिरा केले तरी चेंबर तापतो आणि वरच्या आरपीएमला गाडी आणखी थोडी ताणते. कागदावर सर्वांत उंच टोक कुठे आहे ते विचारणारे गिऱ्हाईक पुष्कळ. गिअर पडतो तिथून बदलतो तिथपर्यंत रेषेखाली किती जागा आहे, हे विचारणारे थोडे. शर्यत त्या जागेतच जिंकली जाते.

धाव संपताच क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करतात आणि प्लग काढतात. पोर्सिलिनच्या मुळाशी बारीक तपकिरी कडे दिसले तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) बरोबर. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, पुढची धाव घेऊच नये.

मुंबईत जेटचा हिशोब हवेने बिघडतो. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना हवेच्या दाबातला सुमारे साडेतीन टक्के वाटा वाफेचाच असतो. तेवढा ऑक्सिजन कमी. याउलट जानेवारीच्या पहाटे १८ अंशांच्या कोरड्या हवेत सिलिंडरला सुमारे सात टक्के जास्त ऑक्सिजन मिळतो. जेट मात्र त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. मे महिन्यात जेमतेम पेट्रोलावर बसवलेले इंजिन जानेवारीत जाम होते ते यामुळे. डायनोचे सॉफ्टवेअर हवामानाची दुरुस्ती करून आकडा देते, पण ती दुरुस्ती छापील आकड्याची असते, मिश्रणाची नव्हे.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि टू-स्ट्रोकची ताकद ज्या झटक्याने येते ती हायवेवर अजमावण्याची चीजही नव्हे. तिला बंद धावपट्टी लागते. मुंबईकरांना जवळची म्हणजे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची, जिथे चौथाई मैलाच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. घाट चढून गेल्यावर हवा विरळ होते, समुद्रसपाटीवर जुळवलेले मिश्रण तिथे रिच (पेट्रोल जास्त) पडते आणि ताकदही उतरते. म्हणून मुंबईहून निघताना जाणते लोक पेटीत मेन जेटचे दोन-तीन खालचे नंबर आणि मागचे एक-दोन दात जास्तीचे सॉकेट टाकून घेतात.