धोतऱ्यापासून लोराझेपामपर्यंत: गुंगीच्या औषधाचा माग

‘चहातून गुंगीचे औषध देऊन प्रवाशाला लुटले’ ही बातमी नाशिककरांच्या चांगल्या ओळखीची आहे. नाशिक रोडला बेशुद्धावस्थेत कुणी सापडतं, लोहमार्ग पोलीस त्याला रुग्णालयात हलवतात, दोन दिवसांनी शुद्ध येते आणि प्रवाशाला आठवतं ते एवढंच की शेजारच्याने आग्रहाने बिस्कीट दिलं होतं. ते औषध नेमकं कोणतं होतं, हे बातमीत क्वचितच येतं. पुष्कळदा ते पुढेही कळत नाही. त्याचा दोष प्रयोगशाळेवर टाकण्याआधी तिने गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय काय शिकून घेतलं आहे ते पाहायला हवं.

सुरुवात धोतऱ्यापासून. आग्रा रोडसारख्या हमरस्त्यांवर वाटसरूशी ओळख काढायची, सोबत स्वयंपाक करायचा आणि पिठात किंवा गुळात धोतऱ्याचं कुटलेलं बी मिसळायचं, असा धंदा करणाऱ्या टोळ्या एकोणिसाव्या शतकात देशभर होत्या. कंपनी सरकारच्या कागदांत त्यांना ‘धतुरिया’ म्हटलं आहे. त्र्यंबकेश्वरी महादेवाला वाहतात तोच हा धोतरा, कुठल्याही बांधावर फुकट मिळणारा. नॉर्मन चेव्हर्स या ब्रिटिश डॉक्टराने १८५६ मध्ये भारतातील विषप्रयोगांवर विस्ताराने लिहिलं, त्यात धोतऱ्याला मोठी जागा आहे. लक्षणं ठरलेली: घसा कोरडा, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, बरळणं, अंगावरच्या कपड्याचे धागे ओढत राहणं, मग झोप. जाग आल्यावर मधलं काहीच आठवत नाही. हा गुन्हा इतका सर्रास होता की १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याला स्वतंत्र कलम मिळालं, ३२८. विष किंवा गुंगी आणणारं द्रव्य देण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ आहे.

त्या काळचा पुरावा डोळ्यांनी दिसणारा होता. ओकारीत किंवा उरलेल्या भाकरीत बिया सापडल्या की प्रश्न यायचा, त्या मिरचीच्या की धोतऱ्याच्या? दोन्ही चपट्या, दोन्ही लहान. भिंगाखाली मात्र फरक कळतो. मिरचीची बी फिकट पिवळी, गुळगुळीत, चवीला तिखट. ती उभी चिरली तर आतला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला. धोतऱ्याची बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची, पृष्ठभाग बारीक खळगेदार, बाहेरच्या कडेला दुहेरी कंगोरा, चव कडू. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा फरक आजही शिकवतात.

बी दळून पूड केली असेल तर भिंग कामाला येत नाही. तिथे रसायनशास्त्र आलं. बेल्जियममधल्या एका निकोटिन विषप्रयोगाच्या प्रकरणात झां स्तास या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मृताच्या अवयवांतून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं तीव्र परिणाम करणारं द्रव्य, वेगळं काढून दाखवलं. पुढे ऑटो या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या सुधारणेसह ही स्तास-ऑटो पद्धत झाली आणि व्हिसेरा, म्हणजे मृताचे आतले अवयव, तपासणारी आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तिच्यावरच घडली. मिळालेल्या अर्कावर धूर सोडणारं नायट्रिक आम्ल घालून तो वाळवायचा आणि वर अल्कोहोलमधलं पोटॅश टाकायचं. धोतऱ्यातली द्रव्यं असतील तर जांभळा रंग उमटतो. ही १८८० ची व्हिटालीची कसोटी. खात्रीसाठी अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकत आणि बाहुली मोठी होते का बघत.

हे करणारी सरकारी प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या अधिकाऱ्याचं पद होतं ‘केमिकल अ‍ॅनालायझर’. पोलीस ठाण्यात आजही ‘सीए रिपोर्ट आला का?’ असं विचारतात, ते तिथपासून.

पुढचा टप्पा क्लोरल हायड्रेटचा. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ मध्ये बनवलं आणि १८६९ मध्ये ते झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं. आपल्याकडे ताडीच्या भेसळीत ते अजूनही सापडतं. पिरिडीन आणि अल्कलीसोबत तापवलं की गुलाबी-लाल रंग देतं, म्हणून पकडायला त्यामानाने सोपं.

खरी अडचण झोपेच्या आणि शामक गोळ्यांनी आणली. १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम आणि मग त्यांच्या कुळातल्या नायट्राझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम. लोराझेपामची एक गोळी जेमतेम १-२ मिलिग्रॅमची. दुधाच्या चहात ती विरघळवली तर रंग, वास, चव यांतून काहीही कळत नाही, आणि दुधातली प्रथिनं व स्निग्धांश औषधाला धरून ठेवतात. ते आधी बाजूला काढल्याशिवाय तपासणी पुढे सरकत नाही. लोराझेपाम आम्लात उकळून मोडता येतं. त्यातून सुटणारं बेंझोफिनोन हे द्रव्य पातळ थराच्या पट्टीवर चढवून रंग आणणारं रसायन फवारलं की जांभळा ठिपका दिसतो. अल्प्राझोलाम मात्र या कसोटीला दादच देत नाही. फक्त ठिपक्यावर विसंबलं तर अहवालात ‘आढळले नाही’ असं येईल आणि औषध तिथेच असेल. म्हणून मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीला रेणू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडणं ही या विषयातली सर्वांत मोठी उडी मानायला हवी. ही जोडणी १९५६ च्या सुमारास झाली आणि नेहमीच्या कामात रुळायला आणखी काही दशकं गेली. यंत्र रेणूचे तुकडे मोजतं. रंगावरून अंदाज बांधावा लागत नाही.

वाइनच्या गावात, म्हणजे आपल्या नाशकात, आणखी एक गुंता आहे. जीएचबी हे रंगहीन द्रव्य पेयात घालून देण्याबद्दल १९९० च्या दशकात अमेरिकेत बदनाम झालं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं की रेड वाइनमध्ये ते मुळातच असतं, लिटरला सुमारे ४ ते २१ मिलिग्रॅम. गुंगी यायला ग्रॅममध्ये मात्रा लागते, त्यामुळे त्या वाइनने कुणी बेशुद्ध पडत नाही. पण ग्लासात जीएचबी ‘आढळलं’ एवढं लिहून भागत नाही, किती आढळलं ते सांगावंच लागतं.

त्याच दशकात रोहिप्नॉल या झोपेच्या गोळीचा एवढा बोलबाला झाला की अमेरिकेने १९९६ मध्ये खास कायदा केला. पण संशयित लैंगिक अत्याचारांतले लघवीचे १,१७९ नमुने तपासले गेले, तेव्हा सापडलेल्या द्रव्यांत सर्वाधिक होतं ते साधं अल्कोहोल, रोहिप्नॉल नगण्य. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. ‘तिनेच जास्त घेतली असेल’ म्हणून तक्रार बाजूला सारणाऱ्यांना तो नीट समजावून सांगायला हवा. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीवरचा गुन्हा तिच्या रक्तात काय सापडलं यावरून लहान-मोठा होत नाही.

आता नाशिकला दिंडोरी रोडवर प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. मुद्देमालाची सीलबंद बरणी घेऊन हवालदाराला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. पण तिथे पोहोचणाऱ्या नमुन्याचं भवितव्य त्याआधीच ठरलेलं असतं. जीएचबी रक्तातून सहा-आठ तासांत आणि लघवीतून बारा तासांत निघून जातं. लोराझेपाम लघवीत काही दिवस सापडतं, पण शरीराने ते बाहेर टाकण्यासाठी ग्लुकुरोनिक आम्लाला जोडलेलं असतं. एन्झाइमने सोडवलं नाही तर हातचं निसटतं. रक्त सोडियम फ्लोराइडच्या नळीत घेतलं नाही तर त्यातलं अल्कोहोल बदलतं. माणूस शुद्धीवर यायची वाट पाहून दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायचा आणि मग नमुन्याचा विचार करायचा, या क्रमात अर्धा पुरावा मूत्राशयातून वाहून जातो. पहिली लघवी, तीही वेळ लिहून, राखून ठेवणं हे सगळ्यांत स्वस्त काम आणि नेमकं तेच राहून जातं. उरलेला कप, बाटली, बिस्किटाचा पुडा पंचनाम्यात येण्याआधी रेल्वेचा डबा झाडून निघतो.

उशीर झालाच तर केस उरतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणाऱ्या केसात औषधाची खूण राहते. चार-सहा आठवड्यांनी मुळापासून कापलेली बट तुकड्यातुकड्याने तपासता येते. पतीने पत्नीला गुंगी देऊन तिच्यावर अत्याचार घडवल्याच्या फ्रान्समधल्या पेलिको खटल्यात, ज्याचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला, केसांच्या तपासणीचा उपयोग झाला.

कायदाही आता तपास यंत्रणेला पुढे ढकलतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं म्हटलं आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १२३ ची शिक्षा दहा वर्षांपर्यंत, म्हणजे गुंगीच्या औषधाचा गुन्हा यात बसतो. २०२६-२७ च्या सिंहस्थात नाशिक रोडवरून, तपोवनातून, त्र्यंबकच्या रस्त्यावरून लाखो अनोळखी माणसं एकमेकांना प्रसाद आणि चहा देणार आहेत. प्रत्येक वैद्यकीय मदत केंद्रात फ्लोराइडच्या नळ्या, लघवीच्या सीलबंद डब्या, एक छोटा फ्रीज आणि वेळ नोंदवायची वही असावी, यासाठीचा खर्च मांडवाच्या पडद्यांपेक्षा जास्त नाही.