कालप्रवासपटांतील गफलतींवरचा वाद (सांगली)

कालप्रवासाचा सिनेमा पाहून झाल्यावर ‘हे असं होऊच शकत नाही’ या वाक्याने सुरू होणारी आणि सहसा निकालाविना मोडणारी चर्चा. सांगलीत तिचा मुक्काम मुख्यतः विश्रामबागेत. वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन ही दोन्ही महाविद्यालये त्याच भागात असल्याने भौतिकशास्त्र शिकणारे आणि नुसतेच सिनेमे बघणारे एकाच चहाच्या गाड्यावर भेटतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ याच गावात रंगवले. खेळ सुटल्यावर त्याची चिरफाड करत घरी जाणे नाट्यपंढरीला नवे नाही.

वादाला साहित्य फार लागत नाही. भडंगाची रिकामी पुडी उलगडून सपाट करतात, तेलाचे डाग चुकवत पेनाने आडवी रेघ ओढतात, रेघेवर साले लिहितात आणि मागे वळणारा बाण काढतात. बाण टेकतो तिथून पुढे काय काढायचे, यावर ठिणगी पडते. जुनी रेघ खोडून नवी ओढली, तर भूतकाळ बदलतो आणि त्याबरोबर वर्तमानही. रेघ आहे तशीच ठेवली, तर मागे जाऊन जे केले ते आधीच घडलेले होते. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे स्वसुसंगतीचे तत्त्व हेच सांगते. नाहीतर रेघेला फाटा फोडायचा. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेली अनेक विश्वांची कल्पना कालप्रवासासाठी नव्हती; ती जोड भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये दिली. आजोबांना लग्नाआधीच मारले तर मारणारा नातू आला कुठून, हे प्रसिद्ध कोडे पहिल्या रेघेतच अडकते. दुसरीत पिस्तूल ऐन वेळी चालत नाही, तिसरीत मेलेला माणूस दुसऱ्याच विश्वातल्या कुणाचा तरी आजोबा असतो.

सिनेमाने यांतला कोणताही नियम घ्यावा. स्वतः घेतलेला नियम मोडला तरच ती गफलत. एका सिनेमाच्या नियमाने दुसऱ्याला झोडपण्यात मात्र निम्मी संध्याकाळ जाते.

‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५) पहिला नियम पाळतो: १९५५ मध्ये गेलेल्या नायक मार्टीमुळे त्याच्या आईबाबांची भेट हुकते आणि जवळच्या फोटोतली भावंडे एकेक करून पुसट होऊ लागतात. १९८९ च्या दुसऱ्या भागात म्हातारा खलनायक बिफ २०१५ मधून १९५५ मध्ये जातो, तरुणपणच्या स्वतःला खेळांच्या निकालांचे पुस्तक देतो आणि कालप्रवासाची गाडी घेऊन निवांत परततो. पुस्तक हातात पडताच पुढचे सगळे बदलायला हवे. मग तो न बदललेल्या २०१५ मध्ये पोचला कसा? बदल हळूहळू पसरतो, फोटोत नाही का पसरला, असा बचाव केला जातो. चित्रित करून वगळलेल्या एका प्रसंगात परतलेला बिफ विरून जातो, म्हणजे बचावाला पुरावाही आहे. फक्त तो सिनेमात नाही. मोठेपणी आईबाबा मुलाला ओळखत कसे नाहीत, हा आक्षेप मात्र काळाशी संबंधित नाही. तीस वर्षांपूर्वी आठवडाभर भेटलेल्या पोराचा चेहरा किती जणांच्या लक्षात राहतो?

‘द टर्मिनेटर’ (१९८४) मध्ये यंत्रांशी लढणाऱ्या माणसांचा नेता जॉन कॉनर ज्याला भूतकाळात पाठवतो, तोच त्याचा बाप ठरतो. ‘मग पयला जॉन आला कुठनं?’ हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी वाया जातो, कारण वर्तुळाला ‘पयला’ नसतो. पकडायचेच तर १९९१ च्या पुढच्या भागाला पकडावे: तिथे माणसे यंत्रांशी होणारे युद्धच टाळायला निघतात आणि दुसरा नियम गुपचूप सोडून दिला जातो.

शास्त्र शाखेचा एखादा विद्यार्थी पृथ्वीचा मुद्दा काढतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. तेव्हा मिनिटभर मागे जाऊन ‘त्याच जागी’ उतरलेल्यापासून विश्रामबाग १,८०० किलोमीटर लांब असेल. ऐकायला बिनतोड वाटते. पण तीच जागा म्हणजे कशाच्या तुलनेत? सूर्यही आकाशगंगेत फिरतोच आहे, आणि सापेक्षतावादात निरपेक्ष जागा नसतेच. सूर्याला खिळा मानायचा आणि पृथ्वीला नाही, याला आधार काय?

पुराणातली रेवतीची कथाही कुणीतरी आणतोच. रैवत ककुद्मी मुलीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. हा प्रवास फक्त पुढचा असल्याने गफलतीला जागाच नाही. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतही ती सापडत नाही: पंत १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात पोचतात, म्हणजे फाट्यावरच्या दुसऱ्या वाटेला लागतात.

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) वरचा वाद सर्वांत चिवट. मागे जाऊन आपला भूतकाळ बदलत नाही, असे सिनेमा स्वतःच बजावतो. शेवटी मात्र कॅप्टन अमेरिका भूतकाळात आयुष्य काढून म्हातारा होऊन बाकावर बसलेला दिसतो. दिग्दर्शक रुसो बंधूंच्या मते ते आयुष्य दुसऱ्या फाट्यावर गेले. पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली यांच्या मते याच रेघेवर. पटकथाकारांच्या बाजूचे विचारतात की फाट्यावरून आला असेल तर तो कालप्रवासाच्या यंत्राच्या चौथऱ्यावर का उतरला नाही. दिग्दर्शकांच्या बाजूचे त्याच्या हातातल्या अखंड ढालीकडे बोट दाखवतात: या रेघेवरची ढाल तर खलनायक थॅनोसने फोडली होती.