चढावर इंजिन का अडखळतं?

जागेवर उभ्या गाडीला रेस दिली, तर इंजिन सरसर वर जातं. कुठे खोट दिसत नाही. तीच गाडी टॉप गिअरमध्ये चढाला लावा आणि ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन आचके देतं, पिकअप जातो, कधी सायलेन्सरमधून फटकाही ऐकू येतो. जुनी एमजीबी बाळगणाऱ्यांच्या हे चांगलं ओळखीचं. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन असतं आणि बहुतेक गाड्यांत एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, जोडी. याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसिडरमध्येही होतं. त्यामुळे इथल्या जुन्या मिस्त्रींना पुढचं बरंचसं घरचंच वाटेल.

भार नसताना मिनिटाला ३००० फेरे गाठायला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जेमतेम उघडावा लागतो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रणही थोडंच शिरतं. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर गच्च भरतो आणि ठिणगी पडायच्या वेळी आतला दाब कितीतरी जास्त असतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं, की ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. प्लगची फट तीच राहते, दाब वाढतो, म्हणून व्होल्टेज जास्त लागतं. हे व्होल्टेज तयार करणारी कॉइल थकलेली असेल, किंवा ते प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप तडकलेली असेल, तर ती रिकाम्या रेसला पुरते आणि चढावर कमी पडते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असं मिश्रण पातळ झालं तरी ते पेटवणं अवघड होतं. दोष इंधनाचा असो वा ठिणगीचा, ड्रायव्हरला जाणवतो तो आचका सारखाच. म्हणून पाना हातात घेण्याआधी तो नेमका केव्हा येतो, हे पाहणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पाय दाबल्याबरोबर क्षणभर अडखळून मग गाडी नीट ओढत असेल, तर आधी एसयूचा डॅशपॉट, म्हणजे वरचा तेलाचा कप्पा, बघा. अनेक कार्ब्युरेटरमध्ये अचानक थ्रॉटल उघडल्यावर जादा पेट्रोल मारणारा छोटा पंप असतो. एसयूमध्ये तो नाही. तिथे हवेच्या ओढीने एक पिस्टन वर जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून पेट्रोलची वाट मोठी करते. या पिस्टनच्या पोकळ दांड्यात थोडं तेल आणि त्यात एक डॅम्पर असतो. थ्रॉटल झटकन उघडला तरी तेलामुळे पिस्टन सावकाश चढतो. तेवढा वेळ जेटवरची ओढ वाढते आणि मिश्रण घट्ट होतं. तेल संपलं की पिस्टन उसळतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन श्वास चुकवतं. वरची टोपी फिरवून तेल घालणं हे मिनिटभराचं काम. बोटाने पिस्टन उचलून सोडून पाहा: वर जाताना जोर लागला पाहिजे, खाली येताना टक् करून बसला पाहिजे.

सुरुवातीला चांगली ओढते आणि लांब चढावर काही सेकंदांनी ढेपाळते, अशी तक्रार असेल तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, रिकामा होतोय. तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, टाकीतला गंज हे नेहमीचे संशयित. अशा वेळी चोक किंचित ओढून पाहावा. एसयूमध्ये चोक मिश्रण घट्ट करतो, बऱ्याच मॉडेलमध्ये जेट खाली ओढून. इंजिन लगेच सावरलं, तर मिश्रण पातळ होतं हे नक्की.

चोकने फरक पडला नाही तर इग्निशनकडे वळा. माझ्या मते कार्ब्युरेटरला यात फार वेळा विनाकारण दोषी धरलं जातं. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर असलेल्या एमजीबीत काटाच साक्ष देतो, कारण तो कॉइलच्या प्रायमरी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, सर्किटवर चालतो. आचक्याबरोबर काटा उड्या मारत असेल, तर या सर्किटचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट, त्यांचा कंडेन्सर किंवा त्यांच्या वायरी तपासा. काटा स्थिर असेल, तर कॉइलची दुसरी, जास्त व्होल्टेजची बाजू, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटला अर्थ देणारी एक बारीक लवचिक वायर असते. ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे प्लेट थ्रॉटलनुसार पुढेमागे फिरते, वायर दर वेळी वाकते आणि वर्षांनंतर वेष्टणाच्या आत तुटते. वरून ती धडधाकट दिसते. मीटर लावून प्लेट हाताने फिरवली की खंड कळतो.

आता एक नवं कारणही आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल रुळलं, भारतात प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. जुन्या सुईला याची कल्पना नाही, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ होतं. १० टक्क्यांना जेट किंचित खाली घेऊन बहुधा भागतं. २० टक्क्यांना मात्र अधिक पेट्रोल देणारी वेगळी सुई निवडावी लागू शकते, आणि ती निवड गाडी जागेवरच ठेवून चाकांना पूर्ण भार देता येतो अशा रोलिंग रोडवर, म्हणजे रोलरच्या चाचणी यंत्रावरच नीट होते.