बदललेला सांधा दुखतोय? बोन स्कॅनला येण्यापूर्वी हे वाचा

गुडघ्याची वाटी किंवा खुबा बदलल्यानंतर काही महिन्यांनी, कधी कधी काही वर्षांनी, तोच सांधा पुन्हा दुखू लागतो. अशा वेळी डॉक्टरांपुढे मुख्यतः दोन शक्यता असतात: सांधा हाडातून ढिला झाला, किंवा आत इन्फेक्शन झाले. ढिला सांधा बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये बदलता येतो. जुने इन्फेक्शन असेल तर अनेकदा आधी सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंट तात्पुरते बसवतात आणि काही आठवड्यांनी नवा सांधा घालतात. म्हणजे दोन ऑपरेशने आणि दुप्पट खर्च. त्यामुळे नेमके काय झाले आहे, ते आधीच कळायला हवे.

स्कॅनमध्ये जंतू दिसत नाहीत

बोन स्कॅनमध्ये शिरेतून दिलेले किरणोत्सारी औषध (टेक्नेशियम-९९एम लावलेले एमडीपी) हाड जिथे नव्याने घडत असते तिथे जाऊन चिकटते. इन्फेक्शनमध्ये तसे होते, ढिल्या सांध्यात होते, बारीक फ्रॅक्चरमध्ये होते आणि ऑपरेशननंतर हाड भरून येतानाही होते. खुब्याभोवती हाड घडण्याची ही क्रिया साधारण वर्षभर चालते, सिमेंट न वापरता बसवलेल्या खुब्यात आणखी काही काळ. गुडघ्यात मात्र काहीही तक्रार नसताना दोन-दोन वर्षांनंतरही औषध जमलेले दिसते, विशेषतः खालच्या, नडगीच्या बाजूला. म्हणून ऑपरेशन होऊन वर्षही झाले नसेल तर आम्ही आधी तुमच्या सर्जनना फोन करतो. त्या काळातल्या स्कॅनमधून बहुधा पैसे जातात, उत्तर मिळत नाही.

या तपासणीची खरी ताकद नकारात्मक उत्तरात आहे. तिन्ही टप्प्यांत (औषध देताना, लगेच नंतर आणि काही तासांनी घेतलेल्या फोटोंत) सांधा शांत दिसला, म्हणजे तिथे औषध जास्त जमले नाही, तर इन्फेक्शन आणि ढिलेपणा, दोन्हींची शक्यता फार कमी उरते. उलट 'वाढ दिसते' असे रिपोर्टमध्ये आले म्हणजे इन्फेक्शन सिद्ध झाले असे नाही. तिन्ही टप्प्यांत वाढ असेल तर संशय बळावतो आणि फक्त शेवटच्या टप्प्यात असेल तर ढिलेपणाकडे कल जातो, पण यावर एकट्याने विसंबता येत नाही.

आधी रक्त आणि सांध्यातले पाणी

ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या स्कॅनच्या तुलनेत कितीतरी स्वस्त आहेत आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही लॅबमध्ये होतात. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर किंवा ईएसआर ३० च्या वर असेल तर पुढे शोध घ्यावा लागतो. कागदावरचे एकक नीट पाहा: काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्ये छापतात, तिथे १ म्हणजेच लिटरमधले १०. संधिवात असलेल्यांमध्ये हे आकडे एरवीही वाढलेले असतात, ते डॉक्टरांना सांगा.

त्यानंतरची महत्त्वाची तपासणी म्हणजे सुईने सांध्यातले पाणी काढणे. जुन्या दुखण्यात एका मायक्रोलिटरमध्ये ३००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी सापडल्या तर संशय पक्का होत जातो. कल्चर (त्या पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणे) १४ दिवस ठेवायला सांगा, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. इथे घोटाळा होतो तो अँटिबायोटिकमुळे. गुडघा गरम लागला म्हणून गावात पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात, दुखणे थोडे उतरते आणि मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. पाणी काढण्यापूर्वी बहुधा दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, पण ते तुमच्या सर्जननी सांगितले तरच. मनाने गोळ्या सुरूही करू नका, बंदही करू नका.

स्कॅनच्या दिवशी

उपाशी राहायची गरज नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. हे एमआरआय नव्हे, यात चुंबक नसतो. शरीरातला धातूचा सांधा किंवा पेसमेकर यांची अडचण येत नाही.

औषध बाहेर टोचून आणता येत नाही. तुम्ही कॅमेऱ्याखाली झोपलेले असतानाच ते शिरेत दिले जाते, कारण पहिला टप्पा, म्हणजे सांध्याकडे धावणारे रक्त, जेमतेम एका मिनिटाचा असतो. पुढच्या पाच-दहा मिनिटांत दुसरा टप्पा होतो. मग तुम्हाला बाहेर सोडतो. दोन ते चार तासांनी तिसरा टप्पा. त्यात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते. या मधल्या वेळेत चार-पाच ग्लास पाणी प्या आणि तिसऱ्या टप्प्याआधी लघवी करून या. मूत्राशय भरलेले असेल तर खुब्याची प्रतिमा झाकोळते. लघवीचा थेंब कपड्यावर पडला तरी तो हाडातल्या डागासारखा दिसतो. संकोच न करता सांगा, कपडे बदलून पुन्हा फोटो घेऊ.

वेळ पाळा. औषधाची ताकद दर ६ तासांनी निम्मी होते, एका तासात सुमारे ११ टक्के. डोस तुमच्या वेळेनुसार मोजून ठेवलेला असतो. पावसाळ्यात चोर्ल्याकडून किंवा खानापूरच्या आतल्या गावांतून येत असाल तर आदल्या दिवशी मुक्कामाला आलेले बरे. अडकलात तर वाटेतूनच फोन करा.

गरोदर असाल, तशी शंका असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर वेळ घेतानाच सांगा. या स्कॅनमधले रेडिएशन सुमारे ४ ते ५ मिलिसिव्हर्ट असते, म्हणजे निसर्गातून दोनेक वर्षांत मिळते तितके. त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, परतताना गरोदर बाईशेजारी बसू नका, संडासात दोनदा पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत औषधाचा सोळावा हिस्सासुद्धा अंगात उरत नाही.

सोबत आणा: डिस्चार्ज कार्ड (ऑपरेशनची तारीख आणि सिमेंट वापरले की नाही हे त्यावरून कळते), पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे, ईएसआर-सीआरपीचे कागद आणि घेतलेल्या अँटिबायोटिकची नावे. एक्स-रे नसेल तर रिपोर्ट अर्धवट राहतो.

स्कॅनमध्ये वाढ दिसली तर

पुढची पायरी पांढऱ्या पेशींचा स्कॅन. तुमचेच ४० ते ५० मिलिलिटर रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींना टेक्नेशियम लावून परत देतात. इन्फेक्शन असेल तिथे त्या जमतात. नुसत्या ढिल्या सांध्यात सहसा नाही. पण अस्थिमज्जाही त्यांना ओढते, म्हणून जोडीला मज्जेचा स्कॅन लागतो. पेशी जिथे गेल्या आणि मज्जा जिथे दिसत नाही, ती जागा संशयाची. हे काम आमच्याकडे होत नाही. त्यासाठी निर्जंतुक लॅब लागते. कुठे होते ते आम्ही सांगू, पाठवण्याचा निर्णय सर्जनचा.

ताप-थंडी असेल, जखमेतून पू किंवा पाणी झिरपत असेल, किंवा सांधा एकाएकी लाल होऊन सुजला असेल, तर आमच्याकडे वेळ घेण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. सांध्यापर्यंत जाणारे छिद्र पडून पू वाहत असेल, तर इन्फेक्शन ठरवायला कोणत्याही स्कॅनची गरज उरत नाही.